"आपल्या जंगलाला उन्हाची सवय आहे" वाला फॉरवर्ड

एप्रिल आला की हा फॉरवर्ड परत फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: हवामान बदलाची काळजी हिमालयाने नि सह्याद्रीने करावी, विदर्भातला साग, ऐन, धावडा, तेंदू तर 47 डिग्रीतच वाढलेत, वर कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं खाद्यच, पाऊसही हल्ली जास्त पडतो, आणि वणव्याचं काय, जळालं तरी जुलैत हिरवंगार. चांगले शिकलेले लोक पण पुढे ढकलतात म्हणून लिहितोय.

सवय आहे, मान्य. साग उन्हाळ्यात पानं टाकतो ते पाणी वाचवायलाच. पण महिन्याचा पगार महिन्यालाच संपतो अशा घरासारखं आहे हे, बसतं सगळं बरोबर पण शिल्लक काही नाही. हवा 1 डिग्रीने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त वाफ मावते, मग ती पानातून, मातीतून जास्त पाणी ओढते, म्हणजे पाऊस तेवढाच पडला तरी झाडाचा खर्च वाढला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोकडे पिन्यॉन पाइन म्हणून झाड आहे, तेही कोरड्या मुलखातलंच, सवयीचंच. 1950 च्या दशकातला दुष्काळ तिथे जास्त कोरडा होता. 2000 नंतरचा त्यामानाने कमी कोरडा पण जास्त गरम, आणि त्यात अभ्यासाच्या एका जागी 90 टक्क्यांवर पिन्यॉन मेले. शेवटचा घाव सालीतल्या भुंग्यांनी घातला हे खरं, पण तहानलेलं झाड त्यांना अडवायला राळ कुठून आणणार?

आणि हे लगेच दिसत नाही ही खरी गोची आहे. तमिळनाडूत मुदुमलाईच्या पानझडी जंगलात 1988 पासून 50 हेक्टरमधल्या झाडांची नोंद ठेवतायत, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले (आयआयएससी) सुकुमार आणि त्यांचे सहकारी. तिथे पाऊस कमी झाला की झाडं मरायचं प्रमाण वाढतं, पण दोन-तीन वर्षांनी. तोवर चांगला पावसाळा होऊन गेलेला असतो, वाळलेल्या झाडाकडे बघून लोक म्हणतात कीड लागली असेल.

कार्बन डायऑक्साइडचं. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ निलगिरीच्या मोठ्या झाडांच्या जंगलात हा वायू मुद्दाम सोडून बघितलाय. झाडांनी जास्त घेतला पण वाढ काही जास्त झाली नाही, घेतलेला बराचसा झाडांच्या नि मातीच्या श्वसनातून परत हवेत गेला, कारण मातीत फॉस्फरसच कमी. ताटात नुसता भात वाढून उपयोग नाही, वरण-भाजीही लागते.

पाऊस वाढलाय? 1950 ते 2015 मध्ये मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्ट्या साधारण तिप्पट झाल्या, हे खरंय. एकूण पाऊस वाढला असं मात्र नाही. दोन दिवसांत पडून नाल्याला गेलेलं पाणी मुळांना काय कामाचं, आणि मधल्या खंडात नुकतं रुजलेलं रोप वाळून जातं ते वेगळंच.

आता वणवा, ह्यावर लोक सगळ्यात जास्त भांडतात. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणूसच लावतो, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवीन पान फुटावं म्हणून पेटवतात, पोटाचा प्रश्न आहे, त्यांना शिव्या देऊन काही होणार नाही. पण तीच काडी जास्त तापलेल्या, जास्त वाळलेल्या पाल्यात पडली की आग आवरत नाही. मुदुमलाईत शंभर वर्षांपूर्वी एकाच जागी साधारण दहा वर्षांनी आग यायची, 1989 ते 2002 मध्ये ते अंतर 3.3 वर्षांवर आलं. जळालेल्या जागी सागाचं रोप नीट बघा. वरचा शेंडा गेलेला, खाली मुळी जिवंत, पावसात परत फुटतं, परत जळतं. जुलैत जे हिरवं दिसतं त्यात गवत, घाणेरी आणि हीच गुडघाभर रोपं असतात, वय काही वर्षांचं तरी उंची गुडघ्याएवढीच. वर म्हातारी झाडं, मधली पिढीच नाही. मोहाखाली तर हे अगदी उघड दिसतं, आणि मोह गेला तर वेचणारे तरी काय वेचणार.

"मग झाडं लावू की" असं त्या फॉरवर्डखाली एकजण म्हणालाच. लावा. पण आधी मुळी धरून बसलेली जी रोपं आहेत ती चार-पाच वर्षं आगीपासून वाचवली, म्हणजे जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून पाला-गवत काढून मोकळे केलेले पट्टे) वेळेत काढल्या आणि मोह वेचणाऱ्यांना खाली अंथरायला जाळ्या दिल्या, तर खड्डे, टँकर, कुंपण ह्या सगळ्यापेक्षा स्वस्तात पडेल.