कमरेचे चोचले आणि आजींची कोयती: एका प्रतिक्रियेला उत्तर

लॉनच्या कडा कापायच्या लांब दांड्याच्या कात्रीवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं. त्यावर मालवणकडच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही कात्री म्हणजे "कमरेचे चोचले". त्यांच्या आजी अजून कोयतीने खळ्याची कड काढतात. पात्यांना खोबरेल लावायचा माझा सल्ला चुकीचा. आणि अॅल्युमिनियमचा दांडा, पोलादी बोल्ट अशी कात्री किनारपट्टीवर सुचवणं हा बेजबाबदारपणा. शेवटी "कड काढूक कात्री कित्याक होयी?" आणि पुढे हसणारे तीन चेहरे.

महोदय, आपण वेळ काढून वाचलंत, आभारी आहे. मतभेदाचं मला वावडं नाही. पण हसायला एक चेहरा पुरला असता.

आधी कमरेचं बघू. आपण मला पुण्याहून आलेला हौशी समजलात. माझा जन्म दापोली तालुक्यातला. माझ्या डाव्या पोटरीवर कोयतीची खूण आहे, नववीत असताना झावळी तोडताना झालेली. पुढे मुंबईत 28 वर्षं टूलरूममध्ये काढली, धार लावणं हाच पोटापाण्याचा धंदा होता. 2016 साली मणक्यातली चकती सरकली आणि मी दीड महिना पाठीवर पडून होतो. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी 'चोचले' हा शब्द वापरल्याचं मला आठवत नाही.

आता हिशोब ऐका. पाहुण्यांच्या दोन खोल्यांपुढे जे लॉन आहे (ते माझं वेड नाही, पाहुण्यांचं आहे), त्याची कड तीन बाजू मिळून 90 फूट भरते. उकिडवं बसून एका बैठकीत दीड फूट होतं. म्हणजे साठ वेळा उठायचं आणि साठ वेळा बसायचं. पावसाळ्यात हे दर आठवड्याला, कारण जूनपासून गवताला दुसरं कामच नसतं. तुम्ही या, बसा, उठा. चहा माझ्याकडून.

राहिली कोयती. आजींना माझा मनापासून नमस्कार आहे, त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. पण आजी जी कड काढतात ती सारवलेल्या खळ्याची आहे, तिथे गवत मुळासकट जायला हवं असतं. लॉनच्या कडेला गवत राखायचं असतं आणि फक्त बाहेर लोंबणारी झालर उडवायची असते. दोन वेगळी कामं आहेत ही. कोयतीच्या घावाला समोरून अडणारं काहीतरी लागतं, फांदी किंवा झावळीचा देठ. हरळीची लोंबती काडी अडत नाही, ती पात्यापुढे मान वाकवते आणि घाव शेजारच्या चिऱ्यावर बसतो. विळ्याने कापायचं तर डाव्या मुठीत गवत धरावं लागतं, आणि ही झालर चिमटीत येते, मुठीत नाही. कात्रीला दोन पाती असतात ती यासाठीच, एक धरतं आणि दुसरं कापतं. हे कळायला टूलरूम लागत नाही हो, दोन मिनिटं बघावं लागतं.

इंग्रजांचं फॅड म्हणालात, तेही ओझरतं. गवत कापायच्या यंत्राचं पेटंट एडविन बडिंग या इंग्रजाने 1830 साली घेतलं, हे खरंच आहे. पण यंत्र कडेला पोचत नाही ते इंग्लंडातही आणि आमच्या कोळथऱ्यातही.

शिवाय लांब दांड्याची कात्री दोन प्रकारची येते हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. एकीची पाती जमिनीला समांतर चालतात, ती झाडाच्या बुंध्याभोवतीचं गवत कापायला. दुसरीची पाती उभ्या रेषेत चालतात, कडेसाठी हवी ती हीच. मी स्वतः आधी चुकीची घेऊन आलो होतो. रत्नागिरीच्या दुकानदाराने "सगळ्या सारख्याच" म्हणून गळ्यात मारली. तेव्हा अनुभवाच्या गोष्टी मला नका सांगू.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. खोबरेलाचं तुमचं बरोबर आहे. डिसेंबरच्या पहाटे आमच्याकडे ते बाटलीत थिजतं, तसंच सांध्यातही थिजतं, आणि त्यात जांभ्याची रेव अडकली की पात्यांमध्ये कानस घालून ठेवल्यासारखं होतं. शिलाई मशीनचं तेल वापरा. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. काहींना वाटतो.

धारेबद्दल "अर्धवट माहिती" एवढंच म्हणालात, कुठलं अर्ध ते सांगितलं नाहीत. मग पूर्ण सांगतो. कानस फक्त उतरत्या बाजूला मारायची, मूळचा कोन सांभाळून. सपाट बाजूला कानस लावलीत की पाती एकमेकांना टेकत नाहीत आणि कात्री संपली. तिथे फक्त कानस मारताना उठलेला कंगोरा काढायला निसण्यावर पातं सपाट ठेवून एकदा हलकं ओढायचं. आणि गवत कापलं न जाता दोन पात्यांत दुमडत असेल तर आधी धारेला दोष देऊ नका, मधला बोल्ट सैल झालाय का बघा. निम्म्या 'बोथट' कात्र्या पाव फेऱ्यात बऱ्या होतात. काम झालं की चीक ओल्या फडक्याने पुसायचा, पातं कोरडं करायचं, मग तेल. खाऱ्या वाऱ्यात 'उद्या पुसू' चालत नाही.

बोल्टचा विषय निघालाच आहे तर तुमचा शेवटचा मुद्दा, अॅल्युमिनियम आणि पोलाद खाऱ्या हवेत एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं वगैरे. पुस्तकात असं लिहिलेलं असतं. मी चार पावसाळे ती कात्री वापरतोय. दांड्याच्या तोंडाशी थोडी पांढरी भुकटी दिसते, पण एवढ्यातेवढ्याला बेजबाबदारपणा म्हणणं जरा जास्तच होतं.

काल तुमच्या समाधानासाठी तो दांड्याचा बोल्ट काढून फोटो टाकणार होतो. सध्या फिरत नाहीये. केरोसीन सोडून पडवीत ठेवलाय, फिरला की टाकतो.