राग गिळा असं मी कुठं लिहिलंय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम सलाम. रागावरच्या माझ्या लेखाखाली बीडकडच्या एका वाचकभावानं नाव न घालता लिहिलंय: "सूर्य मावळायच्या आत राग सोडा, हे मजुरी बुडवणाऱ्या मुकादमाच्या फायद्याचं शास्त्र आहे. तुमची पोपटपंची ऐकून आमची माणसं गप्प बसायला शिकली. आधी आपल्या चर्चच्या कमिट्यांतली भांडणं मिटवा. आणि बायबलचं वचन तरी बरोबर द्या."

शेवटचं आधी. वचन चुकलंय, कबूल. ऐकायला चपळ, पण बोलायला आणि रागवायला सावकाश असा, हे याकोब 1:19. मी 1:20 टाकलं होतं. दुरुस्त केलंय. कमिट्यांचा विषय त्या लेखाचा नव्हता, त्यात मी पडत नाही.

पण पोपटपंची? भाऊ, माझे आईवडील कोयता घेऊन उसाच्या फडात गेलेले आहेत. उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, काय असते हे मला कुणी शिकवायला नको. मतभेद शंभर असू द्या, पण समोरच्याचं पुरतं न वाचता त्याला पोपट म्हणायचं, ही कुठली रीत? तुम्ही शीर्षक वाचलंत आणि लिहायला बसलात, असंच दिसतंय.

"राग सोडा" हे शब्द माझ्या लेखात नाहीत. इफिस 4:26 मध्ये पौल म्हणतो, "तुम्ही रागवा, परंतु पाप करू नका", आणि पुढं, रागात असताना सूर्य मावळू नये. ही सूर्यास्ताची मुदत मोशेच्या नियमशास्त्रात वाढलेल्या पौलासारख्या माणसाला नवी नव्हती. जुन्या करारातलं अनुवाद हे पुस्तक, 24:15 काढा. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. नाही दिली तर तो परमेश्वराकडं गाऱ्हाणं करील आणि पाप देणाऱ्याच्या माथी बसेल. याकोब 5:4 मध्ये तर शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. म्हणजे तुमचा मुकादम या शास्त्रात आरोपीच्या जागी उभा आहे. आणि गप्प बसण्याचं म्हणाल, तर मार्क 3:5 वाचा. येशू सभास्थानात सगळ्यांकडं रागानं पाहतो आणि त्याच दमात वाळल्या हाताच्या माणसाला बरं करतो.

मग सूर्य मावळायच्या आत करायचं काय? राग कामाला लावायचा. जबडा आवळला, कानशिलं तापली की बोलणं तिथंच थांबवा, पण "अर्ध्या तासात येतो" असं सांगून निघा. न सांगता उठून गेलात तर समोरच्याला तो अपमान वाटतो आणि दुसरंच भांडण उभं राहतं. श्वास घेता त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. तेवढ्या वेळात मनात तेच घोळवत बसलात तर दुप्पट तापून परत याल. म्हणून कागद घ्या. काय घडलं, माझं काय गेलं, मला काय पाहिजे. मुकादमाचं असेल तर उचल किती घेतली, कुठल्या तारखेला किती खेपा भरल्या, काट्यावर किती टन उतरलं, त्यानं कमिशन किती कापलं, हातात काय आलं. "लबाड" हा शब्द त्या कागदावर येऊ देऊ नका. शिवी दिली की हिशेब बाजूला पडतो आणि शिवीचीच पंचायत बसते. मुकादमाला तेच हवं असतं. पौलाच्या पुढच्याच वचनात, इफिस 4:27 मध्ये, "सैतानाला वाव देऊ नका" आहे; यातल्या वाव या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ जागा असा आहे. ती जागा ही.

मग एकट्यानं जाऊन भेटा, मत्तय 18:15. ऐकलं नाही तर पुढच्याच वचनाप्रमाणं आणखी एकदोघांना सोबत न्या. हा क्रम मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, भावासाठी आहे, मला माहीत आहे. पण दोनतीन साक्षीदारांचा नियम मुळात अनुवाद 19:15 चा, न्यायनिवाड्यातला आहे, म्हणून तो मुकादमापुढंही चालतो. टोळीतली दोन माणसं सोबत घ्या. मात्र हात उगारला जात असेल, तर घर असो की फड, एकट्यानं जायचं वचन तिथं लावायचं नाही. 112 ला फोन करायचा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते या भेटीपाशी. ज्याच्यावर राग, त्याच्याकडं न जाता माणूस प्रार्थनासभेत जातो आणि त्याचं नाव "प्रार्थनेचा विषय" म्हणून मांडतो. ही डोळे मिटून केलेली चुगली आहे. दुसऱ्या दिवशी ती फिरून त्याच्या कानावर गेलेली असते, आणि मग भेटायला तोंड राहत नाही.

हिशेब तर कारखान्याचं गाळप संपल्यावर होतो, मग त्या दिवशीचा सूर्य मावळला तर? पौलानं घेतलेलं "रागवा, परंतु पाप करू नका" हे वचन स्तोत्र 4:4 चं आहे आणि त्याचं उरलेलं अर्धं याच वेळेसाठी आहे: अंथरुणावर पडून मनाशी विचार करा, स्तब्ध राहा. कागद घडी करून पेटीत ठेवा. स्तोत्र 13 मोठ्यानं वाचा. त्यात सुरुवातीलाच देवाला चार वेळा विचारलंय, कुठवर? उद्या कुणाला भेटायचं ते ठरवा आणि झोपा. हिशेब सोडलेला नाही, रात्रभर त्या माणसाशी मनात भांडणं तेवढं थांबवलंय.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. पुढच्या वेळी नाव घालून लिहा. आणि खरंच कुणाचा हिशेब अडकला असेल तर कळवा, कागद लिहायला मी येतो.