लाइव्ह साइटवर डीबग चालू ठेवणाऱ्यांनो, हात जोडतो

लाइव्ह सर्व्हरवर डीबग, म्हणजे एररचा सगळा तपशील पडद्यावर दाखवायची सोय, ट्रू (चालू) करायचं, "बघू काय एरर येतंय" म्हणायचं आणि काम झालं की तसंच सोडून घरी जायचं. असल्या प्रत्येक माणसाला एप्रिलच्या भर दुपारी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत उन्हात उभं करून साइटचे पासवर्ड नि सेटिंग ठेवलेली डॉट ईएनव्ही फाइल तोंडपाठ म्हणायला लावली पाहिजे. सोलापूरचं ऊन आहे, दुसऱ्या ओळीतच अक्कल येईल.

एक टॉवेलवाले गिऱ्हाईक आहेत. साइट आधीच्या कुणीतरी लाराव्हेलमध्ये (पीएचपी भाषेतली साइट बांधायची तयार चौकट) केलेली, आमच्याकडे फक्त देखभालीला आली. बाहेरच्या एका व्यापाऱ्यानं चौकशीचा फॉर्म भरला, मेल काही जाईना आणि त्याच्यासमोर ते एररचं भलंमोठं पान उघडलं. कोडच्या कुठल्या ओळीवर गाडी अडली ते तर होतंच, पण खाली स्क्रोल केलं की डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड, मेलचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची गुप्त की, सगळं ओळीनं मांडलेलं. त्या भल्या माणसानं स्क्रीनशॉट काढून मालकांना पाठवला. मालकांनी तो मला पाठवला, "ओ, हे लई मोठं इंग्लिशमध्ये काय आलंय बघा." आणि मला पाठवायच्या आधी ऑफिसच्या ग्रुपवर टाकून झाला होता, कुणाला काही कळतंय का बघायला!

आधीच्या डेव्हलपरला फोन लावला. साहेब शांत. "सर, ते बंद केलं की नुसतं पाचशे नंबरचं एरर येतं, काही कळत नाही. चालू असलं की लगेच दिसतंय की."

अरे, तुला दिसतंय तसं जगालाही दिसतंय! पाचशे एरर आली की स्टोरेज फोल्डरमधल्या लॉग्जमध्ये लाराव्हेल डॉट लॉग ही एररच्या नोंदींची फाइल उघडायची, शेवटच्या ओळी वाचायच्या. ती फाइल काय संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत फिरायला ठेवलीय का? साध्या पीएचपीतही हीच सोय आहे. पीएचपीसोबत प्रॉडक्शनसाठीची, म्हणजे लाइव्ह साइटसाठीची, वेगळी आयएनआय (सेटिंगची) फाइल येते, तिच्यात डिस्प्ले एरर्स बंद आणि लॉग एरर्स चालू असं आयतं लिहिलेलं असतं. ती नुसती जागेवर ठेवायची असते. आयएनआय फाइलच नसेल तर मात्र पीएचपी आपणहून एरर पडद्यावर दाखवतं, हे किती जणांना ठाऊक आहे देव जाणे.

लाराव्हेलनं तर इतकी काळजी घेतलीय की कॉन्फिगमध्ये डीबगची मूळ किंमत फॉल्सच ठेवलीय. पण डॉट ईएनव्ही डॉट एक्झाम्पल या नमुन्याच्या फाइलमध्ये शिकणाऱ्यांसाठी ती ट्रू असते, आणि आमचे शूरवीर तीच फाइल कॉपी करून, फक्त डेटाबेसचं नाव बदलून लाइव्ह करतात. ॲप एन्व्ही लोकल (म्हणजे साइट अजून आपल्याच कॉम्प्युटरवर), डीबग ट्रू, आणि साइट जगासमोर. यानं नुसते पासवर्डच दिसतात असंही नाही. 2021 मध्ये लाराव्हेलचं एररचं पान दाखवणाऱ्या इग्निशन पॅकेजमधलं भोक उघडकीस आलं. डीबग चालू असेल तर लॉगिन न करता बाहेरच्या माणसाला थेट सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता. पॅच (दुरुस्ती) आला, पण अपडेट करणार कोण? "चालतंय की!"

दुसरं दुखणं पब्लिक एचटीएमएल या होस्टिंगवरच्या जगाला दिसणाऱ्या फोल्डरचं. लाराव्हेलचं फक्त पब्लिक फोल्डर बाहेर दिसायला हवं. पण स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर अख्खा प्रोजेक्ट पब्लिक एचटीएमएलमध्ये ओततात, जुन्या लाराव्हेलमध्ये असलेल्या सर्व्हर डॉट पीएचपीचं नाव बदलून इंडेक्स डॉट पीएचपी करतात आणि म्हणतात झालं. मग साइटच्या पत्त्यापुढे स्लॅश डॉट ईएनव्ही टाईप केलं की फाइल ब्राउझरमध्ये हजर. "आपल्या चादरी-टॉवेलच्या साइटवर कोण येतंय मरायला?" असं मला तोंडावर विचारलंय लोकांनी. येतं ना, माणूस नाही, बॉट (आपोआप साइट धुंडाळणारा प्रोग्राम) येतो. त्याला चादर आणि बँक यातला फरक कळत नाही. जवळजवळ कुठल्याही साइटचा ॲक्सेस लॉग उघडा, डॉट ईएनव्ही मागणाऱ्या विनंत्या दिसतील. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय आणि सायबर सुरक्षा यंत्रणेनं मिळून अँड्रॉक्सघोस्ट नावाच्या मालवेअरबद्दल इशारा दिला होता. त्याचा धंदाच लाराव्हेलच्या उघड्या डॉट ईएनव्ही फायली शोधून आतल्या क्लाउडच्या नि मेलच्या चाव्या पळवण्याचा.

व्हॉट्सॲपवर ईएनव्ही पाठवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. गिटमध्ये (कोडचे सगळे जुने-नवे बदल जपणारी सोय) ढकलणारे त्यांचेच भाऊबंद. मग गिटइग्नोअरमध्ये (गिटनं वगळायच्या फायलींची यादी) एक ओळ टाकतात आणि हुश्श करतात. जुन्या कमिटमध्ये (साठवलेल्या बदलात) पासवर्ड अजून आहेच की, तो बदलणार कधी?

साधं पीएचपी लिहिणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. एकानं सर्व्हरच्या व्हेरिएबलमध्ये डीबग फॉल्स लिहिलं आणि कोडमध्ये थेट इफच्या (अटीच्या) कंसात ते व्हेरिएबल वाचणारं गेटएन्व्ही टाकलं. डीबग चालूच! कारण गेटएन्व्ही मजकूर देतं, आणि रिकामा नसलेला "फॉल्स" हा शब्द पीएचपीच्या लेखी खराच. मला म्हणतो, "सर्व्हर खराब आहे." सर्व्हर बिचारा सांगितलं तेच करतोय बे! मग दोन दिवस होस्टिंगवाल्यांशी भांडण.

आणि शेवटचं, कारण याचे फोन मलाच येतात. लाइव्हवर कॉन्फिग कॅश केलं (सगळी सेटिंग एका फाइलमध्ये साठवून ठेवली) की लाराव्हेल ती डॉट ईएनव्ही उघडतच नाही, कॅशमधली फाइल वाचतं. त्यामुळे कंट्रोलरच्या कोडमध्ये थेट ईएनव्ही फंक्शन वापरलं असेल तर तिथे नल, म्हणजे काहीच नाही, मिळतं. किंमत कॉन्फिग फाइलमध्ये घ्या आणि तिथून वाचा, डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. पासवर्डात हॅश (#) असेल तर तो अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर हॅशपासून पुढचं टिप्पणी समजून गाळलं जातं. आणि "ईएनव्हीत बदललं पण साइटवर काहीच होईना" म्हणून रात्री साडेदहाला फोन करणार असाल, तर आधी कॉन्फिग क्लिअर करून ती कॅश पुसलीय का ते सांगा, हॅलो नंतर म्हणा.