हरकत नाही, असं म्हणायचं नाही

कोपऱ्यावरचा बंगला पाडून तिथे अकरा मजले येणार, ही बातमी तुम्हाला दूधवाल्याकडून कळली असेल तर घाबरू नका. चहा घ्या आणि परिसर समितीची बैठक बोलवा. समिती नसेल तर काढा. चार निवृत्त गृहस्थ, एक लेटरहेड आणि एक रबरी शिक्का एवढ्यावर पुण्यात समिती उभी राहते. त्या चारांत एक निवृत्त कार्यकारी अभियंता मात्र हवाच.

कुठून तरी मिळवलेला नकाशा टेबलावर पसरा. त्याची सारखी गुंडाळी होते, म्हणून एका कोपऱ्यावर चष्म्याची केस, दुसऱ्यावर चिवड्याची डिश आणि तिसऱ्यावर सेक्रेटरींचं कोपर ठेवा. चौथा कोपरा गुंडाळलेलाच राहू द्या. पार्किंग बहुधा तिथेच दाखवलेलं असतं, आणि पार्किंग दाखवलेलंच नाही हा तर तुमचा पहिला मुद्दा आहे.

आता, एखाद्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना शेजाऱ्यांना विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. १९६६च्या नगररचना कायद्यात हरकती-सूचना मागवतात त्या विकास आराखड्यावर, किंवा कलम ३७ खाली त्यात फेरबदल करायचा असेल तर, महिनाभराच्या मुदतीत. त्या महिन्यात समिती नेमकी अमेरिकेत नातवंडांकडे असते. तेव्हा कलमांच्या नादी न लागता थेट आयुक्तांना पत्र लिहा आणि पोच घ्या. उत्तर येत नाही, पण पोच लॅमिनेट करून ठेवता येते.

पत्रात ‘परिसराचे स्वरूप’ हे शब्द दोनदा तरी यावेत. तीस वर्षांपूर्वी तुमची सोसायटी ज्याच्या शेतात उभी राहिली, त्या शेतकऱ्यालाही परिसराचं स्वरूप होतं. त्याच्याकडे लेटरहेड नव्हतं, एवढंच.

पलीकडच्या बंद कारखान्याच्या जागेवर जरा जपून. भूखंड ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असला की २० टक्के लहान घरं बांधावी लागतात, ३० ते ५० चौरस मीटरची. त्यांना थेट हरकत घेऊ नका, वाईट दिसतं. ‘ड्रेनेजवर ताण’ असं लिहा. तुमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी तिथे राहायला आल्या तर ड्रेनेजवर ताण येतो. रोज दोन बस बदलून आल्या तर तो पीएमपीवर येतो, आणि पीएमपी हा आपल्या समितीचा विषय नाही.

(टेकड्यांवरचं बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण टिकावं म्हणून वर्षानुवर्षं सुनावण्यांना जाणारी माणसंही याच शहरात आहेत. त्यांना बैठकीला बोलवू नका. ती कागद वाचून येतात.)

शेवटची सूचना रस्त्याबद्दल. हे सगळं करताना एक लक्षात ठेवा, पुढच्या वर्षी तुमचीच सोसायटी पुनर्विकासाला जाणार आहे. ५१ टक्के सह्या तर झाल्यातच. उरलेले वाढीव कार्पेटचा आकडा ऐकण्यासाठी थांबलेत. २०२०च्या एकत्रित नियमावलीत रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर, म्हणजे दुसरीकडचा विकत घेऊन इथे वापरायचा बांधकामाचा हक्क, नाही, आणि टीडीआर नाही तर बिल्डर फोन उचलत नाही. पुण्यातले ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव त्याच वर्षी स्थायी समितीत आला होता, तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूने पत्र लिहिलं होतं ते एकदा फाइलीत बघून घ्या. ती फाइल माळ्यावर टाकलेली बरी.

म्हणून रस्ता दोनदा मोजायचा. बंगल्याच्या वेळी फुटपाथच्या कडेपासून कडेपर्यंत, लावलेल्या गाड्या वजा करून: साडेपाच मीटर, ‘अग्निशमन बंब कसा जाणार?’ स्वतःच्या वेळी कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत, गुलमोहराचं खोड, विजेची डीपी आणि इस्त्रीवाल्याची टपरी धरून. तरीही आठ मीटर नव्वदच भरलं, तर टेपला मधोमध थोडा झोळ पडू द्या. किती, ते अभियंतासाहेबांना ठाऊक आहे.