रक्त दिसलं तर आधी एक्स-रे, मग नळी

ऊसतोडीचा हंगाम आला की सोलापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो: ‘अपघातात लघवी अडली तर गावातच नळी घालून घ्या. रक्ताचे दोन थेंब म्हणजे उष्णता, धण्याचं पाणी प्या. लघवी झाली म्हणजे मार्ग शाबूत. नळी निघाली की विषय संपला.’

पहिलाच सल्ला सगळ्यांत घातक. म्हाताऱ्या माणसाची प्रोस्टेटमुळे (मूत्राशयाखालच्या ग्रंथीमुळे) तुंबलेली लघवी नळीने मोकळी होते, ते पाहूनच तो निघाला असावा. मार लागल्यावर गोष्ट वेगळी. ट्रॉलीच्या फाळक्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून आदळलं, की मूत्रमार्ग ओटीपोटाच्या पुढच्या हाडाखाली चेंगरतो. ओटीपोटाचं हाड मोडलं तर प्रोस्टेटजवळ फाटतो. अर्धवट फाटलेल्या जागी नळी रेटली तर ती फटीतून बाहेर घुसते, जखम वाढते. नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाशी असलेला फुगा तिथंच फुगवला तर विचारूच नका.

म्हणून लिंगाच्या तोंडाशी रक्त दिसलं की थांबायचं. रुग्णाला किंचित तिरकं झोपवून लिंगाच्या तोंडातून 20-30 मिली डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) हळूहळू सोडतात आणि एक्स-रे काढतात. डाय सरळ मूत्राशयात गेला तर मार्ग शाबूत. थोडा बाहेर सांडून आत पोचला तर अर्धवट फाटलाय. आत गेलाच नाही तर बहुधा पूर्ण तुटलाय. मग बेंबीखालून थेट मूत्राशयात नळी घालतात. जीव धोक्यात असेल तर अनुभवी डॉक्टर एकदाच, हलक्या हाताने खालून प्रयत्न करतात, पण तो निर्णय त्यांचा.

धण्याचं पाणी? अडलेल्या मूत्राशयात आणखी भर, आणि ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं हवं.

लघवी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, अर्धवट फाटलेल्या मार्गातूनही ती होते. अंडकोशामागे काळंनिळं दिसलं तरी तपासून घ्या. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंमी, इजा क्वचित. पण हाड मोडून योनीतून रक्त येत असेल तर मूत्रमार्गाचीही तपासणी हवीच.

अक्कलकोट असो की मोहोळ, 108 ला फोन करून सोलापूर सिव्हिल किंवा मूत्ररोगतज्ज्ञ असलेलं दुसरं रुग्णालय गाठा.

शेवटचा मुद्दा: नळी निघाल्यावरही, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, जखमेच्या जागी मार्ग आवळू शकतो. पूर्ण तुटलेला मार्ग जोडायचं ऑपरेशन तर बहुतेकदा तीनेक महिन्यांनीच होतं. धार बारीक झाली, जोर लावावा लागला, की पुन्हा डायचा एक्स-रे.