प्रथिनं मोडणारी जनुकं ‘मरणाची’ कशी?

अकरावीतल्या भाच्यानं काल एक फॉरवर्ड पाठवला, खाली लिहिलं होतं, “मावशी, हे प्रोजेक्टमध्ये घेतोय.” मजकूर असा: झाडातली प्रथिनं मोडणारी जनुकं म्हणजे मरणाची जनुकं, झाड म्हातारं झालं की ती जागी होतात, आणि ती बंद पाडली तर पानं कायम हिरवी राहून दाण्यात दुप्पट प्रथिनं भरतील.

शेवटचा दावा आधी घेते, कारण तो साफ उलटा आहे. गव्हाच्या दाण्यातलं बरंचसं नत्र, म्हणजे प्रथिनांचा कच्चा माल, पानांतूनच येतं. पान पिकताना त्यातली प्रथिनं, सगळ्यात जास्त रुबिस्को (हवेतला कार्बन पकडणारं प्रथिन), अमिनो आम्लांपर्यंत मोडली जातात आणि ओंबीकडे रवाना होतात. पिकत आलेलं कुठलंही रुंद पान उजेडात धरून बघा. बऱ्याच झाडांत कडा आधी पिवळ्या पडतात, शिरांलगतचा भाग मागाहून. माल न्यायची वाट शेवटी बंद होते. सडणारं पान इतक्या शिस्तीत सडत नाही.

आणि हे मोडणं जनुकं दाबून लांबवलं तर काय होतं, ते करून पाहिलेलं आहे! उआवी, डुबकोव्स्की आणि सहकारी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं: पान पिकायला लावणाऱ्या नॅम या नियंत्रक जनुकांचा आवाज गव्हात दाबला. पानं तीन आठवड्यांहून जास्त काळ हिरवी राहिली, आणि दाण्यातलं प्रथिन, जस्त, लोह ३० टक्क्यांहून जास्त घटलं. हिरवं पान, उपाशी दाणा. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं हे एकदा तरी वाचायला हवं होतं.

‘म्हातारपणीच जागी होतात’ हेही खोटं. ओल्या कापसावरचं घेवड्याचं बी पाहा: रोप वाढतं तशा डाळिंब्या सुरकुततात, कारण त्यातली साठवलेली प्रथिनं मोडून रोपाला दिली जातात. ऑक्झिन हे झाडाच्या वाढीचं संप्रेरक काम करतं तेही एक प्रथिन मोडायला लावूनच. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपाची ५ टक्क्यांहून जास्त जनुकं एकट्या युबिक्विटिन-प्रोटिअसोम यंत्रणेची, म्हणजे नको असलेल्या प्रथिनांवर खूण करून ती मोडणाऱ्या यंत्रणेची आहेत. इतकी सगळी मरणासाठी?

पान पिकणं जनुकांच्या ताब्यात असतं, एवढं खरं. उशिरापर्यंत हिरव्या राहणाऱ्या ज्वारीच्या वाणांचा दुष्काळात फायदा होतो, हेही मान्य. पण तो मुख्यतः पाणी जपून वापरल्याचा.

भाच्यानं परिच्छेद काढलाय. आता तो घेवड्याच्या डाळिंब्या रोज वजन करून लिहितोय.