वहीतला सिवनीवाला

नागपूरला गेलो की पहिली सकाळ मामेभावासोबत तर्री-पोह्यांची. हिंगणा एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. यंदाही गाऱ्हाणं तेच, कामाला माणूस मिळत नाही. "लोकं माजले ना बाप्पा! फुकटचं रेशन भेटते, काम काहून करतीन?"

माणशी महिन्याला 5 किलो धान्य. एवढ्यावर माजलेला माणूस मला एकदा पाहायचाच आहे.

मी राहतो त्या मँचेस्टरलाही हेच ऐकतो, की कोरोनानंतर लोकांना कष्ट नकोत. दीर्घ आजारपणामुळे कामधंद्याबाहेर असलेले ब्रिटनमध्ये 25 लाखांहून जास्त आहेत, तरीही. मी स्वतः 2020 मध्ये चार महिने 'फर्लो'वर घरी होतो. सरकार पगाराचे 80 टक्के देई, महिन्याला 2,500 पौंडांपर्यंत. मी कुंडीत कोथिंबीर लावली. मला कुणी माजलेला म्हटलं नाही. माझा पगार आणि कर आधीपासून सरकारदरबारी नोंदलेला होता, म्हणून तर पैसे आले.

भावाकडे आठ वर्षं मध्य प्रदेशातल्या सिवनीचा एक वेल्डर होता. 25 मार्चला टाळेबंदी लागली, भावाने त्याला महिनाभर जेवू घातलं (हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं), मग तो जबलपूर रोडने पायी निघाला.

"त्याचा पीएफ होता का रे?"

भावाने ड्रॉवरमधून वही काढली. 'सिवनीवाला, 4 हाजरी, 1 हाफ, उचल 700.' नाव नाहीच. आणि कायद्याने भाऊ चुकलाही नाही. पीएफची सक्ती 20 कामगारांपासून, त्याच्याकडे सहा. पण सरकारने या माणसाला 80 टक्के द्यायचे ठरवले असते, तर ते कशाचे आणि कोणाला? असंघटित कामगारांची नोंद करणारं ई-श्रम पोर्टल आलं ऑगस्ट 2021 मध्ये, माणसं घरी पोचून वर्ष उलटल्यावर.

तो आता शेतावर आहे. देशातल्या कामकऱ्यांत शेतीवाल्यांचा वाटा 2018-19 मध्ये 42.5 टक्के होता, 2020-21 मध्ये 46.5 झाला. शेती काही तेवढी वाढली नव्हती. आहे त्याच वावरात आणखी दोन हात, आणि सरकारी आकड्यांत ते 'कामावर'.

"दिवाळीत फोन केला होता त्याले," भाऊ म्हणाला. "रोजी वाढवून देतो म्हटलं. तर विचारते, 'सेठ, फिर बंद हुआ तो क्या दोगे?' आता सांग, माजले का नाही?"